नगरपरिषदेच्या संकेतस्थळाला गुण द्यायचे तर कशावर द्यायचे?

वाचनकट्टा

नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याचं गाव, नगरपरिषद 'क' वर्ग. वाचनालयात जमणाऱ्या आम्ही काही जणांनी ठरवलं आहे की नगरपरिषदेचं संकेतस्थळ आणि त्यावरच्या ऑनलाइन सेवा नीट तपासायच्या आणि जे दिसेल ते लिहून मुख्याधिकारी आणि नगराध्यक्ष दोघांनाही द्यायचं. नुसती तक्रार करायची नाही. पुढच्या वर्षी त्याच मापाने पुन्हा मोजता यावं, असं काहीतरी हाताशी हवं आहे.

आमच्यातल्या एका शिक्षकांनी वीस प्रश्नांचा तक्ता केला. मजकूर मराठीत आहे का, मोबाइलवर उघडतं का, अधिकाऱ्यांचे दूरध्वनी आहेत का, शेवटचा बदल कधीचा, अशी ती यादी. तपासलं तर गुण चांगले पडले. संकेतस्थळ नव्याने केलेलं आहे, दिसायला नीटनेटकं, सेवांची मोठी बटणं पहिल्याच पानावर.

तरी माझं मन मानत नाही, कारण शेजारच्या काकूंचं काम मी शेजारी बसून पाहिलं. काका वारले. घरपट्टी अजून त्यांच्याच नावाने येते. वारसनोंदीसाठी 'मालमत्ता हस्तांतरण'चं बटण दाबलं, मिळकत क्रमांक टाकला, नाव बरोबर आलं, आणि पुढे ओटीपी मागितला. तो गेला मिळकतीच्या नोंदीत असलेल्या मोबाइलवर, म्हणजे काकांच्या. काकू विचारत राहिल्या, "अगं, ह्यांचा नंबर तर आपण बंद केला ना?" नंबर बदलण्याची सोय वेगळ्या पानावर होती, पण तिथेही आधी जुन्या नंबरवरच ओटीपी जात होता. त्यातून सुटायचा रस्ता मला सापडला नाही. पानाच्या तळाशी दिलेला मदत क्रमांक कुणी उचलत नव्हतं.

आमच्या तक्त्यात या प्रकाराला जागाच नाही. वीसपैकी सोळा गुण मिळवणाऱ्या संकेतस्थळावर एका विधवा बाईचा अर्ज पहिल्या पायरीलाच अडतो, तर ते सोळा गुण मी कुणाला दाखवू? सरकारने ठरवून दिलेली काही कसोटी आहे का? आणि आमच्यासारख्या संगणकातलं फारसं न कळणाऱ्या माणसांनी दर्जा पाहायचा तर नेमकं काय पाहायचं?

जुना लिपिक

ताई, मी नगरपरिषदेत कर विभागात लिपिक होतो. शेवटची वर्षं नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवर गेली. आता निवृत्त आहे. खिडकीच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरकारी कसोट्या आहेत. केंद्राची सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. 'जीआयजीडब्ल्यू ३.०' असं शोधलंत की मिळेल. पत्ता गव्ह डॉट इन किंवा निक डॉट इनवरचा असावा, अपंगांना वापरता यावं, सुरक्षेची तपासणी झालेली असावी, असं बरंच काही त्यात आहे. 'नेसडा' म्हणून ऑनलाइन सेवांचं राष्ट्रीय मूल्यमापन २०१९ आणि २०२१ मध्ये झालं, पण ते राज्यांचं आणि केंद्रीय मंत्रालयांचं; 'क' वर्ग नगरपरिषद त्यात कुठेच येत नाही. आपल्या राज्यात २०२५ च्या सुरुवातीला कार्यालयांना १०० दिवसांचा कार्यक्रम दिला होता. त्यात संकेतस्थळ हा एक मुद्दा होता आणि गुण क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया या दर्जा तपासणाऱ्या संस्थेने दिले. त्याचा फायदा झाला. वर्षानुवर्षं 'काम सुरू आहे' एवढंच दाखवणारी पानं त्या निमित्ताने भरली गेली.

पण तुमच्या काकूंची अडचण यातल्या कुठल्याही तक्त्यात सहज सापडणार नाही, कारण असे तक्ते पानावर काय आहे ते बघतात. अर्ज पाठवल्यावर आत काय होतं ते बघायला कुणीतरी अर्ज करावा लागतो. म्हणून माझं सांगणं एवढंच, की संकेतस्थळाला गुण देऊ नका, कामाला द्या. दोन-तीन कामं निवडा, ज्यांना खरोखर गरज आहे अशी माणसं शोधा, आणि त्यांचा अर्ज हातात कागद पडेपर्यंत सोबत राहून पाहा.

आत काय होतं ते सांगतो. तुम्ही बटण दाबलं की अर्ज आमच्या लॉगिनला येतो. बऱ्याच ठिकाणी लिपिक तो छापतो, त्यावर हाताने आवक नंबर टाकतो आणि फाईल लावतो. टिपणी कागदावर, कर निरीक्षकाची सही कागदावर, मुख्याधिकाऱ्यांची सही कागदावर. सगळं झालं की पुन्हा संगणकावर 'मंजूर'. म्हणजे नागरिकाच्या पडद्यावर अर्ज दिवसेंदिवस 'प्रक्रियेत' दिसतो आणि फाईल कुणाच्या टेबलावर आहे ते कुणालाच दिसत नाही. हे तुम्हाला बाहेरून ओळखता येतं. अर्जाची स्थिती पाहा. 'कर निरीक्षक यांच्याकडे, अमुक तारखेपासून' असं लिहिलेलं असेल तर आतली वाट खरंच संगणकावर आहे. नुसतं 'प्रक्रियेत' असेल तर पुढचं टोक कागदाचं आहे असं समजा.

दुसरी खूण म्हणजे प्रकरण त्रुटीत कसं काढतात. सेवा हक्क कायद्यात मुदत आहे. जन्म-मृत्यूच्या दाखल्याला तीन दिवस, हस्तांतरणाच्या नोंदीला पंधरा दिवस. मुदत संपत आली की 'कागदपत्रे अपूर्ण' असा शेरा मारून अर्ज परत पाठवायचा आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे आणि त्याची मला आजही चीड आहे. शेरा वाचूनच कार्यालयाचं मन कळतं. 'मृत्यूच्या दाखल्याची मागची बाजू दिसत नाही, ती जोडा' हा शेरा काम करायचं असलेल्या माणसाचा. 'अपूर्ण' एवढाच शेरा कुठे दिसला तर तारखेसह लिहून ठेवा. तो पहिल्या दोन दिवसांत आला की शेवटच्या दिवशी, हेही लिहा. माझ्या मते या एका नोंदीला तुमच्या वीस प्रश्नांपेक्षा जास्त वजन आहे.

तो कायदा २०१५ चा, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी मुदत, पदनिर्देशित अधिकारी (म्हणजे ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो), प्रथम आणि द्वितीय अपिलीय अधिकारी ठरलेले असतात, आणि ही यादी कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावणं बंधनकारक आहे. यादी असते, पण अपिलीय अधिकाऱ्याच्या रकान्यात कोण आहे ते बघा. बदली होऊन गेलेल्या साहेबांचं नाव तिथे असेल तर अपील कुणाकडे करायचं? माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(ख)च्या १७ बाबींचंही तसंच. ती माहिती दरवर्षी अद्ययावत करायची असते. पीडीएफ उघडून आतली तारीख वाचा, बाहेरच्या 'नवीन' पट्टीकडे पाहू नका.

आता पैशाचं. घरपट्टी ऑनलाइन भरली, बँकेतून रक्कम गेली, पावती आली नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्यातला जो व्यवहार फसला असं बँकेलाच दिसतं, त्याला रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे: दुकानदाराला किंवा संस्थेला यूपीआयने दिलेले पैसे पोचले नाहीत तर पाच दिवसांत परत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. खरा त्रास दुसऱ्या प्रकारात आहे. पैसे नगरपरिषदेच्या खात्यात येतात, पण मिळकतीच्या खात्याला लागत नाहीत. बँकेच्या लेखी व्यवहार पूर्ण, आमच्या मागणी रजिस्टरमध्ये थकबाकी. आणि थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढत राहते. माझ्या काळात आम्ही दर संध्याकाळी बँकेच्या यादीशी जुळणी करायचो. एक दिवस राहिला की मार्चमध्ये ते निस्तरायला रात्री बसावं लागायचं. तुमच्या तपासणीत हे जरूर घ्या: आज भरलेला कर संकेतस्थळावरच्या थकबाकीतून कधी वजा झाला? त्याच मिनिटाला, दुसऱ्या दिवशी, की अर्ज दिल्यावर?

काकूंच्या ओटीपीबद्दल. ज्यांनी ती पायरी बसवली त्यांनी फसवणूक टाळण्याचा विचार केला, कुणीही उठून दुसऱ्याच्या घराला नाव लावू नये म्हणून. तो विचार बरोबर आहे. पण वारसनोंदीचा अर्जदार हा नोंदीतला मालक नसतोच, हे कर विभागातल्या शिपायालासुद्धा माहीत असतं. मंजुरी देण्यापूर्वी त्या पानावर एका लिपिकाला बसवून खरं प्रकरण भरायला लावलं असतं तर पहिल्या तासात कळलं असतं.

ध्वनिवाचक

मी दृष्टिहीन आहे, पुण्यात नोकरी करतो. पडद्यावरचं वाचून ऐकवणारी सॉफ्टवेअरं वापरतो, संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक. लिपिक काकांचं पटलं, कामाला गुण द्या. फक्त ती कामं करणाऱ्यांत आमच्यातलाही एक माणूस असू द्या.

कारण पहिल्याच पानावर काय होतं ते ऐका. पडद्यावर तुम्हाला सुबक चित्रांची बटणं दिसतात. चित्राला शब्द जोडलेले नसले तर मला ऐकू येतं, "लिंक, ग्राफिक, लिंक, ग्राफिक, लिंक, ग्राफिक". घरपट्टी कुठली आणि नळजोडणी कुठली ते एकेक दाबून शोधायचं. मग कॅप्चा येतो, वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र, त्याला आवाजाचा पर्याय नाही. तिथे मला कुणाला तरी हाक मारावी लागते, आणि त्या माणसाला मग माझा आधार क्रमांक, घराची थकबाकी, सगळं दिसतं. पाहणाऱ्यांना हे लक्षात येत नाही, पण ज्या कामासाठी दुसऱ्याला हाक मारावी लागते ते मला गुपित ठेवता येत नाही.

पीडीएफचं वेगळंच. सभेचे ठराव, निविदा, नोटिसा, सगळं छापून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून चढवलेलं असतं. माझ्या यंत्रासाठी तो एक फोटो. जिथे स्कॅन नाही तिथे कधी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर असतो. तो तुम्हाला देवनागरी दिसतो, पण मला इंग्रजी अक्षरांचा कालवा ऐकू येतो. तुम्हीही याची खात्री करून घेऊ शकता. पीडीएफमधला एक शब्द उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवा. मराठी उमटलं तर ठीक.

ही मेहेरबानी मागत नाही आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत असं सांगितलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये ई-केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

डोळस माणसाने करायची साधी तपासणी: माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब आणि एंटर वापरून घरपट्टीच्या पावतीपर्यंत पोचून दाखवा. जिथे अडाल तिथे मीही अडतो.

केंद्रचालक

माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे, बाजारपेठेजवळ, म्हणून आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसंही येतात. एक गोष्ट कुणी बोललं नाही ती सांगतो.

कार्यालय सांगतं की आमचे इतके टक्के अर्ज ऑनलाइन येतात. ते अर्ज भरतो कोण? बहुतेक आम्हीच. फाईल दोनशे छप्पन्न केबीच्या आत बसवायची, फोटोचं माप वेगळं, सहीचं वेगळं, हे शेतावरून आलेल्या माणसाला घरी जमत नाही. त्यात आमचे काही भाऊबंद घाईत अर्जात स्वतःचाच मोबाइल टाकतात. ओटीपी लवकर मिळतो, रांग पुढे सरकते. पण मग त्रुटीचा मेसेज अर्जदाराला जातच नाही, तो केंद्राच्या फोनवर पडून राहतो. माणूस महिन्याने विचारायला येतो तेव्हा कळतं की अर्ज कधीच परत आला होता. मी माझ्याकडे ही पद्धत बंद केली. ज्याच्याकडे फोन नाही त्याच्या मुलाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर घेतो आणि पोचेवर पेनाने अर्ज क्रमांक मोठा लिहून देतो.

ताई, तपासणीत हे दोन प्रश्न घाला: अर्जात मोबाइल कुणाचा आहे, आणि पोच कुणाच्या हातात आहे. आणि शुल्काचा फलक केंद्रात दिसतो का तेही बघा. संकेतस्थळावर दर एक आणि केंद्रावर घेतात दुसरा, असं असेल तर तो दोष सेवेचाच धरा.

होस्टिंगवाला

थोडक्यात लिहितो. मी अशा कामांच्या कंत्राटदाराकडे काम केलं आहे. तीन गोष्टी पाहा. पहिल्या दोन बाहेरून दिसत नाहीत, त्या लेखी विचारा. पत्ता कुणाच्या नावावर नोंदला आहे, नगरपरिषदेच्या की कंत्राटदाराच्या? खासगी डॉट कॉम, डॉट ओआरजी पत्त्यांची मुदत भरायला कुणी विसरलं की दुसरा कुणीही तो विकत घेऊ शकतो, आणि लोक जुन्या सवयीने तिथेच कर भरायला जातात. दुसरं, कंत्राट संपल्यावर विदा, म्हणजे डेटा, नगरपरिषदेला परत कशी मिळणार ते करारात आहे का. तिसरं, लाभार्थ्यांच्या याद्या. घरकुलाच्या यादीत पूर्ण आधार क्रमांक आणि मोबाइल छापलेले मी पाहिले आहेत. आधार क्रमांक असा जाहीर करायला आधार कायद्यातच बंदी आहे. अशी यादी दिसली तर अहवालाची वाट पाहू नका, त्याच दिवशी कळवा, आणि कळवताना त्या पानाचा फोटो गटात फिरवू नका.

एक विनंती. 'क' वर्ग नगरपरिषदेत संगणक पाहणारा माणूस बहुधा एकच असतो आणि निवडणूक, जनगणना, कर वसुली सगळीकडे त्यालाच जुंपतात. अहवालात त्याला झोडपू नका.

वाचनकट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही बसलो आणि वीस प्रश्नांचा तक्ता मागच्या पानावर ढकलला. पुढे तीन कामं: वारसनोंद, मृत्यूचा दाखला आणि घरपट्टीचा भरणा. वारसनोंद काकूंचीच. दाखल्यासाठी वाचनालयात येणारे एक गृहस्थ तयार आहेत. घरपट्टी आमच्या गटातले एक दृष्टिहीन संगीत शिक्षक स्वतः भरणार आहेत, आम्ही नुसते शेजारी बसून लिहून घेणार. प्रत्येक टप्प्याला तारीख, वेळ आणि पडद्यावरचा शब्द न् शब्द.

होस्टिंगवाले दादा, पत्त्याचा आणि कराराचा प्रश्न माहिती अधिकारात विचारतो आहोत. तुमची विनंती लक्षात आहे. अहवालात कुणाचंही नाव घालणार नाही, फक्त पायरी आणि पद.

लिपिक काका, एकच अडलं आहे. काकूंचा अर्ज ऑनलाइन दाखलच होत नाही. मग मुदत कुठून मोजायची?

जुना लिपिक

दाखल होत नसेल तर कागदावर द्या. संकेतस्थळ आहे म्हणून खिडकीवर अर्ज घेणार नाही, असं म्हणता येत नाही. अर्ज पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या नावे लिहा आणि त्यात एक ओळ घाला की अमुक तारखेला ऑनलाइन प्रयत्न केला, ओटीपी मयत मालकाच्या बंद क्रमांकावर जात असल्याने अर्ज पुढे गेला नाही. त्या पानाचा छापील फोटो जोडा. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती असू द्या, नाहीतर थकबाकीच्या नावाखाली त्रुटी निघेल. बाकी कागद त्यांच्या यादीत पाहून घ्या.

एक गोष्ट काकूंना नीट समजावून सांगा, कारण संकेतस्थळावर ती कुठेच लिहिलेली नसते. घरपट्टीला नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवरची, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावरची, वारसनोंद वेगळी, ती भूमी अभिलेख कार्यालयात करावी लागते. या एका वाक्याअभावी लोकांची वर्षं गेलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे तुमच्या अहवालात 'हे वाक्य हस्तांतरणाच्या पानावर ठळक छापा' अशी मागणी नक्की घाला.

पोच घ्या. कायद्याप्रमाणे पोचेवर अर्जाचा क्रमांक, तारीख आणि सेवा देण्याची मुदत हवी. नुसता गोल शिक्का मारून परत दिला तर तिथेच थांबून क्रमांक लिहून मागा. कागदपत्रं पूर्ण असलेल्या अर्जाचे दिवस त्या तारखेपासून मोजायचे. पंधरा दिवसांत नोंद झाली नाही किंवा नाकारली, तर तीस दिवसांच्या आत प्रथम अपील. तिथेही न्याय मिळाला नाही तर द्वितीय अपील, आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोग. कारण नसताना उशीर केलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बहुतेक वेळा अपिलाचा अर्ज आवकला पडला की फाईल हलते, हे अनुभवाने सांगतो.

नोंद झाली की तिथल्या तिथे काकूंचा मोबाइल मिळकतीला जोडून घ्या आणि पुढच्या बिलावर नाव आणि नंबर दोन्ही तपासा. तीन कामांचं जे निघेल ते इथे जरूर टाका. माझ्या जुन्या कार्यालयातली मुलंही हा धागा वाचताहेत, ओटीपीच्या पायरीबद्दल मी त्यांच्याशी बोललो आहे.